आत्या हात आवरत नाही

आत्याच्या भांडणाच्या जागा दोन, आणि दोन्हीकडे तीच जिंकायची. घरी ती तोंडाने भांडायची. कामावर हातांनी, कारण मागांच्या शेडमध्ये कोणाच्या बापाला काही ऐकू येत नव्हतं. एका छपराखाली एकशे ऐंशी माग, प्रत्येक मागात धोटा इकडून तिकडे आपटतोय, वरचे पत्रे थरथरतायत, पायाखालची फरशी थरथरतेय. शेजारणीच्या कानाला तोंड लावून बोंब मारली तरी तिला नुसता गरम वारा लागायचा. सव्वीस वर्षं आत्याने त्या गोंगाटात चार माग सांभाळले. त्यात एक कान पार गेला आणि दुसरा अर्धा उरला. म्हणून घरी ती साधं मीठ मागायची तरी रांगेतल्या चार घरांना कळायचं की आज आत्याकडे भाजी अळणी झालीय.

शेडमधलं हातांचं बोलणं कोणी कोणाला शिकवत नसे. नवी बाई आली की पंधरा दिवस बावचळून बघत राहायची. महिनाभरात तिला दोन तर्जन्या जोडून झटकन दूर नेता यायच्या, म्हणजे सूत तुटलं. डोक्यावरून काल्पनिक टोपी काढता यायची, म्हणजे मुकादम येतोय. आणि तिसऱ्या महिन्यात ती तीन माग पलीकडच्या बाईला आपल्या सासूचं गाऱ्हाणं सांगत असायची. बाहेर जिच्या तोंडातून शब्द फुटत नसे तीसुद्धा आत आली की हातांनी सुटायची. आत्याच्या शेजारच्या मागांवर अशीच एक होती. तिला सगळ्या गप्पी म्हणायच्या, कारण ती रस्त्यावर गप्प आणि शेडमध्ये अखंड गप्पा मारणारी.

एक नियम मात्र कडक होता. शेड इतकी लांब की या टोकाची बाई त्या टोकाला दिसत नसे, त्यामुळे निरोप मागामागाने पुढे जायचा. शेवटच्या बाईकडे पोचला की तो तसाच उलटा निघायचा, आणि पहिल्या बाईकडे जसा गेला तसा परत आला तरच खरा. मागे एकदा अर्धवट निरोपावर कोणीतरी बंद माग चालू केला होता आणि एका पोरीची दोन बोटं गेली होती. तेव्हापासून निरोप परतवल्याशिवाय कोणी कळ दाबत नसे. आणि निरोप आखूड ठेवायचा. काय आणि कुठे, बस. का, कोणी, कशासाठी, हे सगळं जेवणाच्या सुट्टीत.

आत्याचं लग्न झालं होतं आणि मोडलंही होतं. त्याबद्दल ती एवढंच सांगायची की तो माणूस दोन्ही कान शाबूत असून ऐकत नव्हता. मग ती धाकट्या भावाकडे राहायला आली. भावाचं घड्याळ दुरुस्तीचं दुकान होतं. त्याचे कान असे तिखट की घड्याळ कानाशी धरून तो आत कोणतं चाक आजारी आहे ते सांगायचा. अशा माणसाच्या पोटी जी मुलगी आली तिला काहीच ऐकू येत नव्हतं.

ते कळलं ती पंधरा महिन्यांची असताना. तिच्या पाठीमागे फडताळावरून भलं मोठं पातेलं पडलं, शेजारचं कुत्रं भुंकत सुटलं, आणि ही आपली चमच्याशी खेळत बसलेली. भावजयीने पातेलं उचलून पुन्हा आपटलं. मग तिसऱ्यांदा आपटलं. मग ती पातेल्याशेजारीच खाली बसली. पुढे डॉक्टर झाले, मोठे डॉक्टर झाले, कानाला यंत्र झालं. यंत्राने पोरीला आवाज काही दिला नाही, नुसती डोकेदुखी दिली, आणि एक दिवस तिने ते पिठाच्या डब्यात पुरून टाकलं. एका जागी ठरत नसे म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणत. त्या हाकेला ओ कधी येणार नाही हे माहीत असूनही म्हणत.

एका संध्याकाळी आत्या पाळी संपवून आली तर घरात आकांत. भिंगरी जमिनीवर लोळण घेत होती आणि भावजय तिच्यापुढे एकेक वस्तू नाचवत होती. बाहुली, बिस्किट, चेंडू, आरसा. आत्या दमून उंबऱ्यावर टेकली आणि सवयीने, काही विचार न करता, तिचा हात वर गेला. अंगठा ओठाला, हनुवटी जराशी वर. शेडमध्ये दिवसातून दहादा करायची तशी खूण. पाणी हवंय का?

पोरगी रडायची थांबली. तिने तो अंगठा बघितला. दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून तिने आपला इवलासा अंगठा स्वतःच्या ओठाला लावला आणि वाट बघत राहिली. भावजय तोंडाला पदर लावून रडली. आत्या रडली नाही. ती लगेच पुढची खूण करायला बसली.

त्यानंतरची चार वर्षं आत्याच्या आयुष्यातली सर्वांत मजेची. अंथरुणात पडल्या पडल्या पोरगी बोटं हलवत राहायची, काही अर्थ नसलेली, आपल्याच तंद्रीत. आत्याला आधी वाटलं हे काहीतरी फिट येण्यातलं आहे. शेडमध्ये गप्पीने सांगितलं, अगं, बाळं बा-बा-बा-बा करतात ना, तसं करतेय, हातांनी. मग एकेक खूण आली. मग दोन जोडून आल्या. सुट्टीच्या दिवशी शेडमधल्या बायका आत्याच्या अंगणात जमायच्या आणि भिंगरी त्यांच्या मधोमध बसून या हातावरून त्या हातावर डोळे फिरवायची. बायकांना वाटलं, आपण तिला शिकवतोय. लवकरच उलटं झालं. बायकांच्या खुणा साठ-सत्तर असतील, त्याही तुटक, कामापुरत्या. भिंगरीला तेवढं पुरेना. जी माणसं समोर नाहीत त्यांच्यासाठी तिने हवेत जागा ठरवल्या. डाव्या खांद्यापाशी आई ठेवली, उजवीकडे दूधवाला ठेवला, आणि मग नुसतं इकडून तिकडे बोट नेलं की आईने दूधवाल्याला झापलं असं कळायचं. हे तिला कोणी दाखवलं नव्हतं. शेडमध्ये असं कोणी करतच नव्हतं. वर्षभरात निम्म्या शेडने तिच्यापासून ते उचललं, आणि पाच वर्षांच्या पोरीकडून उचललं हे मुकादमाला कोणी सांगितलं नाही.

आणि एक दिवस ती खोटं बोलली. चहाचा कप फुटला होता. भिंगरीने डोळे मोठे करून सांगितलं की मांजर आलं, खिडकीतून आलं, टेबलावर चढलं, कप पाडला आणि गेलं. खिडकी सकाळपासून बंद होती. आत्या पोट धरून हसायला लागली.

"ताई, पोरगी धडधडीत खोटं बोलतेय आणि तुम्ही हसताय?" भावजय म्हणाली.

"अगं वहिनी, बोलतेय," आत्या म्हणाली. "न आलेलं मांजर आणलं तिने. तेही खिडकीतून."

भावजय हातांचं बोलणं शिकत होती, हळूहळू, चुकत माकत. भाऊ शिकला नाही. तो म्हणायचा, मुलीला बोलतं करायचंय मला, तिचं माकड नाही करायचं. आत्या त्यावर त्याला काय काय म्हणायची ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण खरी गोष्ट अशी होती की त्या माणसाला आयुष्यात एकदा मुलीच्या तोंडून बाबा ऐकायचं होतं, आणि हे त्याने कोणापाशी कबूल केलं नव्हतं.

सहाव्या वर्षी भिंगरी शाळेत गेली. ऐकू न येणाऱ्या मुलांना बोलायला शिकवणारी नावाजलेली शाळा. बाकीच्या शाळांत हाताची घडी आणि तोंडावर बोट असतं. इथे नुसती हाताची घडी. मुलांनी हात हलवले तर ती तोंड हलवणार नाहीत, असा तिथला नियम होता आणि त्यावर त्यांची श्रद्धा होती. वर्गाच्या बाई मुलाच्या ओठांपुढे कागदाचा कपटा धरायच्या आणि 'प' म्हटल्यावर तो हलला की टाळ्या वाजवायच्या. मुलाचा हात स्वतःच्या गळ्याला लावून घ्यायच्या, म्हणजे आवाजाची थरथर कळेल. एका अक्षरासाठी त्या आठ-आठ दिवस घसा फोडायच्या. बाई वाईट नव्हत्या. वाईट असत्या तर आत्याचं काम फार सोपं झालं असतं.

बाईंनी घरी निरोप पाठवला की घरातल्या खुणा बंद करा, नाहीतर आमच्या मेहनतीवर पाणी पडतंय.

"ताई, हात आवर," भाऊ म्हणाला. "एक वर्ष. तुझ्या पाया पडतो."

धाकटा भाऊ पाया पडतो म्हटल्यावर आत्याचा पीळ सुटला. तिने हात आवरले. अकरा दिवस आवरले, आणि जन्मभर त्या अकरा दिवसांबद्दल ती स्वतःला हलकट म्हणत राहिली.

पहिल्या दिवशी शाळेतून आल्यावर भिंगरीने विचारलं, आज शेडमध्ये काय झालं? आत्या हात पदराखाली घेऊन बसून राहिली. पोरीला वाटलं, आत्याचं लक्ष नाही. ती वळसा घालून दुसऱ्या बाजूला आली आणि पुन्हा विचारलं. मग तिने आत्याच्या गुडघ्यावर चापटी मारून विचारलं. मग ती भिंतीपाशी गेली, स्टुलावर चढली आणि भर दुपारी दिवा लावला. तिला वाटलं होतं, अंधारात आत्याला हात दिसत नसतील.

असे आठ दिवस गेले. नवव्या दिवशी पोरीने विचारणं सोडलं. अकराव्या दिवशी आत्या पाळीवरून आली तर भिंगरी कोपऱ्यात बसली होती, भिंतीकडे तोंड, हाताची घडी. तिला तसं बसायला घरात कोणी सांगितलं नव्हतं. आत्याने चपला काढल्या नाहीत. ती तशीच तिच्यापुढे जाऊन बसली, भिंत आणि पोरगी यांच्यामध्ये अंग कोंबून, आणि तिने दोन्ही हात उघडले. आज सहा नंबरच्या मागावर उंदीर मेला, तिने सांगितलं. भिंगरीने आधी त्या उघड्या हातांकडे बघितलं. मग घडी सोडली आणि विचारलं, मोठा की छोटा?

स्वयंपाकघराच्या दारात भाऊ उभा होता.

"तुझ्या पाया पडलो होतो मी," तो म्हणाला.

"पडला होतास. आता ऊठ," आत्या म्हणाली. "मी हात आवरणार नाही. घराबाहेर काढायचं असेल तर काढ, मी अंगणातून बोलेन तिच्याशी."

भावाने तिला घराबाहेर काढलं नाही आणि तो तिच्याशी बोललाही नाही. आठ महिने झाले तेव्हा शाळेचं पत्र आलं. पत्रात लिहिलं होतं की मुलीमध्ये भाषा आढळत नाही, ती पुढच्या वर्गाच्या योग्य नाही, सबब तिला मागच्या इमारतीतल्या मणी वर्गात हलवण्यात यावं. बुधवारी तपासनीस येतील, पालकांनी हजर राहावं. मणी वर्ग आत्या बघून आली होती. तिथे मुलं सोळा वर्षांची होईपर्यंत मणी ओवायची. वाचायला नाही, लिहायला नाही, नुसते मणी. एकदा त्या इमारतीत गेलेलं मूल पुढच्या इमारतीत परत आल्याचं शिपायालाही आठवत नव्हतं.

बुधवारी भाऊ-भावजय जाणारच होते, पण आत्यानेही रजा टाकली. गप्पीने टाकली. शिडीनेही टाकली. शिडी म्हणजे शेडच्या दुसऱ्या टोकाची उंच बाई, जिचे हात बाकीच्यांच्या डोक्यावरून दिसायचे.

"या कोण?" मुख्याध्यापकांनी विचारलं.

"साक्षीदार," आत्या म्हणाली, आणि तिच्या आवाजाने टेबलावरचा पेला किणकिणला.

तपासनीस म्हणजे एक वयस्क, सुरकुतलेले गृहस्थ होते. विचार करताना ते स्वतःच्या कानाची पाळी ओढायचे. बाईंनी भिंगरीला समोर बसवलं, ओठांपुढे कागद धरला, पोरीचा हात आपल्या गळ्याला लावला. भिंगरीने तोंड उघडलं आणि म्हणाली, "बा."

आवाज जाड होता, पण अक्षर स्वच्छ होतं. भावाने खिडकीकडे मान वळवली.

"आठ महिन्यांत एवढंच," बाई म्हणाल्या, आणि त्यांना स्वतःलाच ते लागलेलं दिसत होतं. "ती काही विचारत नाही, काही सांगत नाही. मी पुष्कळ केलं. पण तिच्यात भाषा नाही."

"तुमची भाषा नाही असं लिहा," आत्या म्हणाली. "नुसतं भाषा नाही असं लिहाल तर मी तो कागद फाडेन."

"ताई," भाऊ म्हणाला.

"तुम्ही तिच्याशी खुणा करता हे मला माहीत आहे," बाई आवाज न चढवता म्हणाल्या. "खुणेने समोरची वस्तू दाखवता येते. पाणी, पोळी, चेंडू. पण जे होऊन गेलं ते, जे समोर नाही ते, एखादी गोष्ट का झाली ते, हे खुणेने सांगता येत नाही. त्याला भाषा लागते."

"ऐकलंत ना साहेब?" आत्या तपासनिसांकडे वळली. "हे बाई म्हणाल्या, मी नाही. आता हेच तपासा. आणि आमच्या शेडच्या पद्धतीने तपासा, म्हणजे मी मनचं सांगतेय असं कोणी म्हणायला नको."

तपासनिसांनी कानाची पाळी ओढली आणि कसं ते विचारलं. आत्याने मांडणी करून दिली. पलीकडच्या काचेच्या खोलीत फक्त तपासनीस आणि भिंगरी. तिथे त्यांनी मनाला येईल ते करावं, तोवर गप्पी काचेकडे पाठ करून उभी राहील. मग भिंगरी काचेतून गप्पीला सांगेल. गप्पी ते व्हरांड्याच्या या टोकाला, कार्यालयाच्या दारात उभ्या असलेल्या शिडीला सांगेल, आणि शिडी तोंडाने मुख्याध्यापकांना. आत्या स्वतः कार्यालयात भिंतीकडे तोंड करून, हाताची घडी घालून उभी राहिली. त्या अकरा दिवसांनंतर शाळेचा नियम तिने पाळला तो तेवढा एकदाच.

पाच मिनिटं गेली. मग दारातून शिडीचा आवाज आला. "चष्मा बुटात आहे."

तपासनीस एका पायात बूट आणि एका पायात नुसता मोजा अशा अवतारात आले. हातातला बूट त्यांनी टेबलावर उपडा केला. चष्मा निघाला.

"बरोबर आहे," ते म्हणाले.

"बरोबर आहेच," बाई म्हणाल्या. "चष्मा आणि बूट. वस्तू आणि जागा. मी हेच म्हणत होते. ही खूण झाली."

मुख्याध्यापकांनी मान डोलावली आणि कागद पुढे ओढला. काय झालं ते आत्याला एका क्षणात कळलं होतं. गप्पीने निरोप छाटला होता. सव्वीस वर्षांची सवय. काय आणि कुठे, बस, बाकीचं जेवणाच्या सुट्टीत. पोरीने किती सांगितलं असेल कोण जाणे, आणि या दोघींनी त्यातलं मुकादमाला पुरेल एवढं उचलून पुढे ढकललं होतं. मणी वर्गाच्या कागदावर आता नुसती सही बाकी होती.

"थांबा," आत्या म्हणाली. "निरोप अजून परतला नाही."

"म्हणजे काय?" मुख्याध्यापकांनी विचारलं.

"गेलेला निरोप जिने पाठवला तिच्याकडे परत जातो. ती बरोबर म्हणाली तरच तो खरा. आमच्याकडे त्याशिवाय माग सुरू होत नाही. शिडे, परत पाठव."

शिडीने उलटं पाठवलं. गप्पीने काचेतून भिंगरीला दाखवलं, चष्मा, बुटात. आत्या भिंतीकडेच बघत होती, पण फरशीवर पाय आपटल्याचा आवाज तिच्या अर्ध्या कानालाही आला. मुख्याध्यापक दारापर्यंत जाऊन बघून आले.

"ती मुलगी रागावलीय," ते म्हणाले.

आणि मग शिडी बोलायला लागली. बोलताना ती अडखळत होती, कारण समोर गप्पीचे हात थांबत नव्हते.

"ती म्हणतेय, अर्धवट सांगू नका. मी एवढंच सांगितलं नव्हतं. कान ओढणाऱ्या आजोबांनी आधी चष्मा बाईंच्या टेबलाच्या खणात ठेवला. मग बाहेरून शिपाई चालला होता. तो बघेल असं त्यांना वाटलं, म्हणून त्यांनी पटकन काढला. मग बूट काढला आणि त्यात घातला. मला म्हणाले, कोणाला सांगू नकोस, तोंडावर बोट ठेवून म्हणाले. मी सांगणार नव्हते. पण गप्पीमावशीने विचारलं. आणि सांगायचंच तर नीट सांगायला पाहिजे." शिडी थांबली. "अजून एक विचारतेय. आजोबांच्या मोज्याला भोक आहे. ते सांगायचं का नाही?"

तपासनिसांनी पाय खुर्चीखाली घेतला. मग ते हसायला लागले, आणि हसता हसता त्यांनी मुख्याध्यापकांच्या हाताखालचा कागद आपल्याकडे ओढला.

"खणात ठेवला होता. शिपाई गेला होता. आणि तो बघेल म्हणून मी घाबरल्यासारखं केलं होतं, तेही तिने टिपलं," ते म्हणाले. "बाई, तुम्ही म्हणालात ते सगळं यात आलं. होऊन गेलेलं आलं, समोर नसलेलं आलं, कारण आलं. भाषा नाही हे वाक्य मी खोडतोय."

बाईंचा आवाज दुखावलेला होता, पण खोटा नव्हता. "माझी चूक झाली असेल. पण हे तीस बायकांना कळतं. बाहेरच्या जगात हिच्याशी कोण बोलणार आहे?"

"तीस कमी झाल्या?" आत्या भिंतीकडून वळून म्हणाली. "मला लग्नात एकसुद्धा मिळाला नव्हता. आणि तुमच्या 'बा'शी बाहेर कोण बोलणार आहे, बाई? तुम्ही जगाला शिकवायला निघा की थोडं. जगाला दोन हात आहेत."

गप्पी भिंगरीला आत घेऊन आली, आणि तपासनिसांनी दोन कोरे कागद पुढे केले. शाळेचा नियम ते एका दिवसात बदलू शकत नव्हते. पण बापाने लेखी दिलं तर या एका मुलीला वर्गात हात उघडे ठेवून शिकू देता येईल आणि हातांवरूनच लिहावाचायला शिकवता येईल. नाहीतर आहे तसंच, हाताची घडी, आणि वर्षभराने पुन्हा तपासणी.

"मी तुम्हाला फसवणार नाही," बाई भावाला म्हणाल्या. "हात उघडे ठेवले तर ती बोलण्याचे कष्ट घेणार नाही. कदाचित ती तुम्हाला कधीच बाबा म्हणणार नाही."

भावाने पेन घेतलं आणि तसंच धरून ठेवलं. आत्याच्या जिभेवर दहा गोष्टी आल्या होत्या. त्याच्या चेहऱ्याकडे बघून तिने त्या गिळल्या. तिला पहिल्यांदाच त्याची भयंकर दया आली. मघाशी ऐकलेलं ते एक अक्षर त्याच्या कानात अजून होतं, आणि त्याला त्याचा पुढचा अर्धा भाग हवा होता.

"ताई," तो म्हणाला. आठ महिन्यांत तो पहिल्यांदाच तिच्याशी नीट बोलत होता. "तिच्या हातांत माझ्यासाठी काही शब्द आहे का?"

"तिला विचार."

"मला येत नाही."

"स्वतःकडे बोट दाखव आणि भुवया उचल. एवढं येईल."

भावाने स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं आणि भुवया उचलल्या. भिंगरीने त्याच्याकडे अशा नजरेने बघितलं की हे काय विचारणं झालं. मग तिने मूठ वर केली, हवेत काहीतरी धरलं आणि दोनदा खाली ओढलं.

"हे काय?"

"कुलूप," आत्या म्हणाली. "दुकान बंद केलंस की तू कुलूप दोनदा ओढून बघतोस. तुला न्यायला यायची ना ती वहिनीबरोबर, तिथेच बघितलं तिने. दोनदा कुलूप ओढणारा. तो तू."

भावाच्या चेहऱ्याचा रंग बदलला. "पण हे तर ती रोज करते. मी गल्लीच्या वळणावर दिसलो की खिडकीत उभी राहून हेच करत असते. मला वाटायचं हाताला चाळा लागलाय तिच्या."

"हाक मारते," आत्या म्हणाली.

"कधीपासून?"

"दोन वर्षांची होती तेव्हापासून."

"मला वाटलं, तुम्हाला माहीत आहे," भावजय हळूच म्हणाली.

भाऊ खुर्चीवरून उतरून भिंगरीसमोर गुडघ्यांवर बसला. त्याने मूठ वर केली, स्वतःच्या मुठीकडे बघत खाली ओढली आणि थांबला. भिंगरीने त्याचं मनगट दोन्ही हातांनी पकडलं, वर नेलं आणि दुसऱ्यांदा खाली ओढून दाखवलं. त्याने पुन्हा केलं, या वेळी दोनदा. मग तो उठला आणि पेन टेबलावर टेकवून मुख्याध्यापकांकडे बघू लागला.

"हात उघडे राहतील असं आधी लिहा," तो म्हणाला. "वाचून मगच सही करतो."